घरची मेंदी

नागपंचमी जवळ आली कीं घरांतील मुली मेंदीसाठीं हट्ट धरतात. पूर्वीं बायका ओला पाला काताबरोबर पाट्यावर वाटीत व त्याचा गोळा मुठींत धरून रात्र काढीत. नाजुक नक्षीला मात्र वाळल्या पाल्याची पूडच हवी, आणि ती ताजी हवी. जुनी, तपकिरी पडलेली पूड रंगत नाहीं. मग सासूच्या प्रेमाला बोल लावण्यांत काय अर्थ!

पूड वस्त्रगाळ करावी. एक काडी राहिली तरी कोनाचें तोंड बुजतें. ५० ग्रॅम पुडींत लिंबाचा रस थोडथोडा घालून दाटसर कालवावें, चमचाभर साखर मिसळावी व रात्रभर झांकून ठेवावें. आंबटपणानें पानांतील लॉसोन हें रंगद्रव्य हळूहळू मोकळें होतें. साखरेनें लेप चिकटून राहतो. पहिली रेघ हातावर नव्हे, ताटाच्या पाठीवर ओढून पाहावी. लेप ६ तास तरी ठेवावा व पाणी न लावतां खरवडावा. प्रथम दिसणारा नारिंगी रंग दोन दिवसांत गडद होतो.

तासाभरांत काळाभोर रंग देणारी ‘काळी मेंदी’ मात्र उंबऱ्याआंत येऊं देऊं नये. मेंदी स्वभावतः काळी रंगतच नाहीं. तींत बहुधा केसांच्या कलपांतील पॅराफिनिलिनडायामिन मिसळलेलें असतें. त्यानें फोड येतात, व्रण राहतात, आणि पुढें साधा कलपहि सोसेनासा होऊं शकतो. ज्या मुलांत जी-६-पी-डी या विकराची उणीव असते, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी शुद्ध मेंदीनेंहि फुटूं शकतात. म्हणून तान्ह्या बाळाच्या तळव्यावर हौसेचा ठिपका काढण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.