रक्तातला वारसा

शेताचा सातबारा कुठे ठेवला आहे, हे बाप मुलाला आवर्जून सांगतो. मग रक्तातून दिलेला वारसा तो का लपवतो? विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा आजार कित्येक घरांत आहे. पण त्याचे नाव काढले तर घराण्याला बट्टा लागतो, अशी समजूत आहे. 'मुलीचे लग्न जमणार नाही', ही बापाची भीती खोटी नाही. पण लपवल्याने आजार टळतो का?

वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, शेतात राबतो. त्यामुळे सांगण्यासारखे काही आहे, असे त्याला वाटतच नाही. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के असते. मग हातपाय ठणकतात, रक्त कमी पडते, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू होतात आणि बोल मात्र सुनेला लागतो. वास्तविक अशा मुलाला हा दोष आई आणि बाप दोघांकडून आलेला असतो. बापाचे मौन एकट्या आईला आरोपी करते.

२०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. रक्त तपासतात, कार्डही देतात. पण ते कार्ड ट्रंकेच्या तळाशी पडून राहिले, तर उपयोग काय?

मुले जाणती झाली की वडिलांनी स्वतः सांगावे. वाहक असणे म्हणजे लग्नाला बंदी नव्हे; जोडीदाराचेही रक्त आधी तपासावे, एवढेच. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्यासारखे येथे पुष्कळ आहेत. वडील सांगत नसतील, तर आपण विचारावे. तो उद्धटपणा नव्हे.