सेवेच्या गुणांवर सही कोणाची?



महाविद्यालयांत आता समाजसेवेचे गुण मिळतात आणि ते पदवीच्या हिशेबात धरले जातात. यात वाईट काही नाही. आमचा सवाल एवढाच आहे, की ज्या गावाची सेवा केली म्हणतात त्या गावाला कोणी विचारले का? अहवालावर सही प्राध्यापकाची, शिक्का महाविद्यालयाचा, फोटो सरपंचांच्या शेजारी उभे राहून काढलेला. गावाच्या पदरात काय पडले, याची नोंद कुठेच नाही.

ताथवड्याचेच घ्या. हे नाव आता आपल्या कापूस-ज्वारीच्या गावांतही परके राहिलेले नाही. "पोरगं कुठं आहे?" म्हटले की उत्तर येते, "पुण्याकडे, ताथवड्याला, कॉलेजात." २००९ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. सरकारचे वळू-माता प्रक्षेत्र तिथे आहे, पण गावाची ओळख आता अभियांत्रिकीच्या आणि व्यवस्थापनाच्या महाविद्यालयांची झाली आहे. शेतजमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. आपण कपाशी विकून त्या इमारतींची फी भरतो. आणि अशाच शहरी महाविद्यालयांतून बस भरून विद्यार्थी आपल्याकडे येतात, खेडे म्हणजे काय ते पाहायला. शेत मोडून कॉलेज, आणि कॉलेजातून बस काढून शेत पाहायचे!

आता नियम पाहा. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे एक शिबिर. माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी, असे तिचे बोधवाक्य आहे. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून समाजातल्या कामाला श्रेयांक आले. कृषी महाविद्यालयांत तर ग्रामीण कार्यानुभव कधीचा आहे. शेवटच्या वर्षाचे कृषीदूत आणि कृषीकन्या खरिपात गावात येतात ते त्यासाठीच. आम्हीही कृषीची पदवी याच वाटेने घेतली. ज्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून आम्ही त्याच्या पिकाची माहिती लिहून घेतली, त्याला आमच्या कामाबद्दल एका शब्दानेही विचारले गेले नाही. गुण देणारे शंभर कोस दूर बसले होते.

हा हिशेब आजचा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, असे त्यांनी सरकारला तोंडावर सांगितले. आता पैशाच्या जोडीला आपले गावही शिकण्याचे साहित्य झाले आहे. पाठ्यपुस्तकाला किंमत असते. गाव मात्र फुकट.

कोणी म्हणेल, सेवेचा मोबदला मागता? होय, मागतो. विद्यार्थ्याला गुण मिळतात म्हणजे त्याच्या बाजूने हा व्यवहारच आहे. व्यवहारात लाज नाही. पण तराजूला दोन पारडी असतात. एका पारड्यात श्रेयांक पडले, तर दुसऱ्या पारड्यात गावाच्या उपयोगाचे काम पडले पाहिजे. झाडून ठेवलेला रस्ता दोन दिवसांत पुन्हा भरतो आणि भिंतीवरची घोषणा एका पावसात धुऊन जाते. ते काम नव्हे.

मग काम कोणते? आपल्या पिकाकडे पाहा. पेरणीनंतर दीड महिन्याने कपाशीत एकरी दोन कामगंध सापळे लावायचे आणि त्यात पडलेले गुलाबी बोंडअळीचे पतंग रोज मोजायचे. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ पतंग आले, की धोक्याची पातळी झाली. शिवाय एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडायची, दोनात अळी निघाली की तीच पातळी. याला शास्त्रज्ञ लागत नाही. रोज शेतात जाणारा आणि खरे आकडे लिहिणारा माणूस लागतो. नेमका तोच आपल्याकडे नसतो, कारण त्या दिवसांत आपण निंदणीत आणि डवरणीत बुडालेलो असतो. मग शेजाऱ्याने फवारले म्हणून आपण फवारतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर मेले, हे कोणी विसरू नये. दोन विद्यार्थ्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरात वीस शेतांचे आकडे रोज फळ्यावर लिहिले, तर एखादी फवारणी वाचेल. त्यात पैसा वाचतो आणि जीवही.

ज्वारीचेही तसेच. पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. पंचाहत्तरापेक्षा कमी उगवले तर बियाणे बदला. काणी रोग टाळायला किलोला चार ग्रॅम गंधकाची प्रक्रिया करा. माती परीक्षणाचा नमुना रान मोकळे असताना घ्यायचा असतो. शिबिरे मात्र येतात बहुधा हिवाळ्यात, अळी बोंडात शिरून बसल्यावर! हिवाळ्यातच यायचे असेल तर फरदड कोणाच्या रानात उभी आहे याची शिवारभर यादी करा आणि पऱ्हाट्या काढायला हात लावा. पुढच्या वर्षीची अळी तिथेच दबा धरून असते.

हे होत नाही असे कोणी सांगू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला, आपल्या कापसाच्या मुलखातच, गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार देशापुढे आला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि कष्ट करून शिकणाऱ्या पोरांना ताठ मानेने उभे केले. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले. तिथले पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दत्तक गावात पंधरा दिवस मुक्काम करतात. प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि त्यांच्याकडे पुढेही जाणे-येणे राहते. तिथे पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट अनेक वर्षे होती. गावाशी नाते ठेवून मोठी पदवी देता येते, ती अशी.

आता आपल्या पोरांचे. ताथवड्याला शिकणारी मुलगी दिवाळीत घरी येते आणि आईबरोबर वेचणीला जाते. रोज सहा तास, वीस दिवस, म्हणजे १२० तास झाले. सेवा योजनेचे वर्षाचे तास तेवढेच! त्याला कोणी सेवा म्हणत नाही. ठीक आहे, घरच्या शेतातली वेचणी घरचे काम समजू. पण तीच मुलगी गावातल्या वीस शेतांचे सापळे मोजते, म्हाताऱ्यांचे पीकविम्याचे अर्ज भरते, बचत गटाची वही लिहिते, ते काय घरचे काम आहे? महाविद्यालयाच्या बसमधून गेले तर सेवा आणि एस. टी.ने आपल्या गावी गेले तर सुटी, हा कुठला न्याय? श्रेयांक साठवायची बँक सरकारने २०२१ साली काढली. तिथे आपल्या पोरांची खाती उघडली जातात, पण गावातल्या कामाचा भरणा त्यात होत नाही. पोटासाठी सत्र सोडून पेरणीला परतलेल्या मुलाला हे काम पदवीकडे नेऊ शकले असते. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले ते घर-शेत न सोडता शिकता यावे म्हणूनच ना?

यावर एक आक्षेप येईल, की गाव भिडेखातर कोणालाही सही देईल, नाहीतर सरपंच राजकारण करतील. भीती खोटी नाही. म्हणून सही एका माणसाची नको, ग्रामसभेची हवी, आणि काम आधी कागदावर हवे. प्राध्यापकांची भीड कोणाला पडत नाही काय? बंद खोलीतल्या सहीपेक्षा चारशे माणसांसमोर वाचलेला हिशेब जास्त खरा असतो.

म्हणून या बैठकीपुढे आम्ही ठराव ठेवतो:

१. १ मेच्या ग्रामसभेत गावाने आपल्या कामांची यादी करावी. येणाऱ्या विद्यार्थ्याने त्यातलेच काम घ्यावे.

२. शेतीचे काम हंगामात व्हावे. सापळ्यांचे आकडे १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभेत वाचावेत.

३. २६ जानेवारीच्या सभेत विद्यार्थ्याने कामाचा हिशेब द्यावा. त्यावर ग्रामसभेचा शेरा असल्याशिवाय सेवेचे गुण देऊ नयेत.

४. आपल्याच गावात असे काम करणाऱ्या मुलामुलींना तेवढेच श्रेयांक मिळावेत.

ठराव झाला की त्याची प्रत जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या कुलगुरूंना पाठवा. ज्यांची मुले ताथवड्याला आहेत त्यांनी ती मुलांच्या हाती तिथल्या महाविद्यालयात द्या. उत्तर येईपर्यंत थांबू नका, गावाची वही आजच घाला.

बस येईल तेव्हा पोरांना भाकरी घाला, ती आपलीच लेकरे आहेत. पण निघताना वही पुढे करा आणि विचारा, काय केले ते लिहा. ग्रामसभेत वाचू, मग सही करू.