गाडी रुळावर आली!

कॉस्ट कटिंगचं वारं सुटलं की ऑफिसात आधी काय जातं? फुकटची कॉफी. मग टॅक्सीची बिलं. आणि मग माणसं! अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या एका कंगाल रेल्वे कंपनीने मात्र १९३१मध्ये भलताच फंडा काढला. टपाल आणि प्रवाशांसाठी वाफेची गाडी सोडणं परवडत नाही ना? मग जुनी बुइक कार चढवा रुळावर!

या कंपनीचं नाव रिओ ग्रँड सदर्न. रॉकी पर्वतातून रिजवे ते दुरँगो अशी सुमारे २६० किलोमीटरची नॅरोगेज लाइन. वाटेत लिझर्ड हेड नावाची खिंड, तीही १० हजार फुटांहून उंच. चांदीच्या खाणींच्या भरवशावर १८९०-९१मध्ये रूळ टाकले आणि १८९३मध्ये चांदीचे भाव धाडकन कोसळले. झालं! मालकांचे दिवस फिरले ते फिरलेच. १९२९मध्ये कंपनी रिसीव्हरच्या हातात गेली. प्रवासी मूठभर, पण टपालाचं सरकारी कंत्राट मात्र हातात होतं. ते टिकवायचं तर डोंगरातल्या गावांना टपाल वेळेवर पोचायलाच हवं. आणि चार थैल्यांसाठी कोळसा जाळत अख्खी ट्रेन सोडायची, म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

इथे एन्ट्री होते रिजवेच्या वर्कशॉपमधल्या जॅक ओडेनबॉ या मेकॅनिकची. त्याने आणि त्याच्या टीमने बुइकच्या बॉडीखाली रेल्वेची लोखंडी चाकं लावली आणि मागे सामानासाठी लॉरीसारखा भाग जोडला. स्टिअरिंगला कामच नाही, कारण वळवायचं काम रूळच करतात. हा प्रयोग जमला म्हणून आणखी गाड्या बनल्या. त्यातल्या बऱ्याच जणींना पिअर्स-ॲरोची बॉडी होती. त्या काळी ही गाडी म्हणजे बड्या लोकांची शान. आता तिच्यात बसून पत्रं, पार्सलं आणि खाणकामगार घाट चढू लागले. या कंपनीसाठी अशा एकूण सात गाड्या तयार झाल्या.

लोकांनी त्यांना नाव ठेवलं 'गॅलपिंग गूज', म्हणजे चौखूर उधळलेला हंस. आता हंस म्हटला की आपल्याला डौल आठवतो. या बाईसाहेब मात्र वाकड्यातिकड्या रुळांवर बदकासारख्या झुलत चालायच्या. शिट्टीऐवजी हॉर्न. चढावर इंजिन तापू नये म्हणून बॉनेटच्या बाजू उघडल्या की थेट पंख पसरल्यासारखं दिसायचं.

मला यातलं आवडतं ते हे, की त्यांनी गावांची सर्व्हिस कापली नाही. या कामाला नेमकं लागतं किती, एवढंच पाहिलं आणि बाकीचा फापटपसारा काढला. अर्थात याचीही किंमत होतीच. वाफेच्या गाडीवर ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, ब्रेक्समन लागायचे. इथे एका माणसात काम भागायचं. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न या गोड गोष्टीत कुणी फारसा विचारत नाही. आपण मात्र विचारावा, कारण उद्या त्या उरलेल्यांत आपलाही नंबर असू शकतो.

१९५०मध्ये टपालाचं कंत्राट रस्त्यावरच्या ट्रक्सकडे गेलं. मग मागच्या सामानाच्या डब्यात सीट टाकून टुरिस्ट फिरवून पाहिले, पण तेवढ्यावर भागेना. १९५१च्या अखेरीस गाड्या थांबल्या, पुढे रूळही उखडले गेले. तरी हिशेब करा, मोडीत निघालेल्या कार्सनी बुडत्या कंपनीला वीस वर्षं तारलं! गोल्डन गावच्या रेल्वे म्युझियममध्ये आज यातल्या काही गाड्या आहेत. पाच नंबरची गूज डोलोरेस गावच्या लोकांनी १९९८मध्ये पुन्हा चालती केली.

तेव्हा पुढच्या बजेट मीटिंगमध्ये बॉसने कात्री उचलली, की आधी एकच विचारा, 'सर, थैल्या किती आहेत?'