पाटलांचा मळा आणि कोवाल्स्कींचं घर



आपल्या कोगनोळी-निपाणी भागात बोलताना कुणी ‘पाटील यांचा मळा’ म्हणत नाही. आपण म्हणतो ‘पाटलांचा मळा’, ‘कुलकर्ण्यांची विहीर’. वाक्यात शिरताना आडनाव वळतं. पूर्वी पाटलांची बायको ‘पाटलीणबाई’ व्हायची. इंग्रजीत मात्र ‘पाटील’ ताठ उभा राहतो आणि त्याला फक्त ‘स’ चिकटतो: ‘पाटील्स फार्म’.

असंच आडनाव वळवणारी माणसं एकेकाळी आपल्या शेजारी राहायची. आपला टोलनाका ओलांडून कोल्हापूरकडे निघालं, की तासाभराच्या आत वळिवडे येतं. तिथे 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. त्यात बायका आणि मुलंच जास्त. त्यांची आठवण सांगणारा स्तंभ आजही कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.

पोलिश भाषेतला ‘स्की’ पुष्कळदा आपल्या ‘कर’सारखा असतो. निपाणीचा निपाणीकर, तसा क्राकोवचा क्राकोव्स्की. फरक एवढाच, की ‘स्की’ हे विशेषणाचं रूप. आपल्या ‘चांगला-चांगली’सारखं ते बदलतं. बाप आणि भाऊ कोवाल्स्की, तर आई आणि बहीण कोवाल्स्का. ‘कोवाल्स्कीची वही’ म्हणायचं तर ‘कोवाल्स्किएगो’. नोवाक आडनावाच्या माणसाच्या बायकोला पूर्वी ‘नोवाकोवा’ म्हणत आणि मुलीला ‘नोवाकुवना’. आपली पाटलीणबाई आठवली ना?

मग इंग्रजी वाक्यात काय करायचं? विभक्तीची रूपं सोडून द्यायची, मूळ नाव ठेवायचं आणि मालकीसाठी ‘स’ लावायचा. संपूर्ण कुटुंबाबद्दल बोलायचं तर ‘द कोवाल्स्कीज’. पण बाईच्या नावातला शेवटचा ‘आ’ हा विभक्तीचा प्रत्यय नाही. तो तिच्या नावाचाच भाग आहे. मेरी क्युरी माहेरची स्क्लोडोवस्का, वडील स्क्लोडोवस्की. तिच्याबद्दल लिहिताना ‘मिस स्क्लोडोवस्की’ केलं, तर ती तिची सही राहत नाही. टेनिसपटू मार्टिना नवरातिलोवाचंही तेच. चेक भाषेतला तो ‘ओवा’ इंग्रजी बातमीतही तिच्यासोबतच राहतो.

उलट इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या काही घरांत मुलीही ‘स्की’च लावतात. त्यांना आपण व्याकरण शिकवून ‘स्का’ करायला जाऊ नये. चेक देशात 2022 पासून बायकांना ‘ओवा’ न लावण्याची मुभा कायद्यानेच मिळाली आहे. शेवटी नाव ज्याचं त्याचं. ती व्यक्ती स्वतः जसं लिहिते, तसंच आपण लिहायचं.

एका अक्षराने काय बिघडतं, असं वाटेल. पण वळिवड्यासारख्या छावणीची जुनी यादी उघडून कुणी आपल्या आजीला शोधू लागलं आणि फक्त ‘स्की’ शोधत बसलं, तर ‘स्का’ लावणारी आजी सापडणारच नाही. सख्खी भावंडंही परकी वाटतील.

आपली नावं तर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरतात. आधारवर एक स्पेलिंग, दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, हे घरोघरी आहे. म्हणून मुलांनो, या सुट्टीत घरातली कागदपत्रं काढा आणि सगळ्यांच्या नावांची स्पेलिंगं ताडून बघा. आणि नवीन मित्राचं नाव लिहायची वेळ आली, की आधी त्यालाच विचारा: ‘तू कसं लिहितोस?’