काटा काढावा, मासा नव्हे

गेल्या पंधरवड्यात ऐंशीच्या घरातील एका आजींचे वजन पुन्हा घटलेले आढळले. तपासण्यांत विशेष दोष नव्हता. चौकशीअंती उलगडा झाला: एकदा घशात काटा अडकल्यापासून सूनबाईंनी त्यांचा मासा बंद केला होता. “त्याच्यावाचून भात उतरत नाही हो,” आजी हळूच म्हणाल्या.

त्यांचे गिळणे व कवळी तपासून मी लेपा सुचवला. जिभेच्या आकाराचा हा चपटा मासा समुद्राच्या वाळूमिश्रित, चिखलट तळाशी एका कुशीवर पडून असतो. पिल्लू असताना त्याचे डोळे दोन बाजूंना असतात. वाढताना एक डोळा सरकून दुसऱ्याशेजारी येतो. शरीर असे चपटे असल्याने मुख्य काटे मधल्या कण्यापासून दोन्ही कडांकडे पसरतात आणि शिजलेले मांस त्यांच्या वरून व खालून अलगद सुटते.

वाचकहो, ताजा लेपा सोलून, साफ करून पातळ कालवणात शिजवावा. प्रथम दोन्ही कडांचे काटेरी पट्टे काढावेत, वरचे मांस उतरवावे, मग कणा उचलावा. डोक्यालगतचा भाग वृद्धांना देऊ नये. उरलेले मांस उजेडात बोटांनी चाचपून मऊ भातात कालवावे. शंभर ग्रॅम मांसातून साधारण १५ ते १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. उतारवयात स्नायू टिकण्यासाठी ती आवश्यक असतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. सुका लेपा खारट असल्याने रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी टाळावा.

जेवताना ताठ बसवावे, घास लहान द्यावा, दूरचित्रवाणी बंद ठेवावी. प्रत्येक घासाला ठसका लागत असेल, तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. काटा अडकल्यास केळे वा कोरड्या भाताचा गोळा गिळायला देऊ नये. त्याने काटा अधिक खोल रुतू शकतो. डॉक्टरांकडे जावे. श्वास अडत असेल किंवा लाळही गिळता येत नसेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

सूनबाईंची भीती अनाठायी नव्हती. मात्र त्या भीतीपायी आजींचे जेवणच निम्म्यावर आले होते. आता आठवड्यातून दोनदा लेपा शिजतो, काटे सूनबाई स्वतः काढतात. पुढील महिन्यात दुसरा काटा, वजनाचा, काय सांगतो ते पाहू.