तारामंडलपेट ते पोखरण

चिकपेटला साड्या घ्यायला येणाऱ्या फौजी कुटुंबांना जवळच्या तारामंडलपेटचं नाव क्वचितच ठाऊक असतं. तारामंडल म्हणजे टिपूचे अग्निबाण. ते इंग्रजांनी पळवले, हे आपण मेसमध्ये रंगवून सांगतो आणि तिथेच थांबतो.

मला पुढचं बोचतं. म्हैसूरकरांनी दारू लोखंडी नळीत ठासली, म्हणून बाण किलोमीटरभर जाई. नेम मात्र बेभरवशाचा. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, बाण वुलिचला पोचले. तिथे विल्यम काँग्रीव्हने १८०४ पासून दारूचं मिश्रण, नळी, काठी बदलत बाण पुन्हापुन्हा उडवले. पल्ला वाढला. बाजूला बांधलेली काठी १८१५ मध्ये मधोमध आली. नेम तरी पक्का झाला नाहीच, पण माणूस खोडी काढत राहिला.

२०२० मध्ये पोखरणला आपल्या 'अटॅग्ज' तोफेची नळी चाचणीत फुटली, तेव्हा ओळखीतल्या अनेकांनी नाकं मुरडली. जवान जखमी झाले, त्याचं वाईट वाटतंच. पण मी तोफखान्यातला. नळी फुटायचीच असेल तर मोजमाप करणारे हजर असताना फुटू दे, लडाखात गोळे पडत असताना नको. मार्च २०२५ मध्ये त्याच ३०७ तोफांचा करार झाला.