औषधी बाग मे महिन्यात जगली पाहिजे

पावसाळा सुरू झाला, शाळा भरल्या की आवारात खड्डे खणले जातात. तुळस, अडुळसा, कोरफड, गवती चहा यांची रोपे ओळीने लागतात, शेजारी नावांच्या पाट्या उभ्या राहतात, फोटो निघतात. पुढच्या जूनमध्ये अनेक शाळांत पाट्या शिल्लक असतात, रोपे नसतात. मग पुन्हा खड्डे, पुन्हा रोपे, पुन्हा फोटो.

याचे कारण उत्साहाचा किंवा योजनांचा अभाव हे नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ 2000 साली स्थापन झाले आणि शाळांमधील औषधी बागांना उत्तेजन देणे हे त्याच्या कामांपैकी एक. शालेय पोषण परसबागांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना 2019 पासून आहेत. चुकते ते वेळापत्रक. रोपांना पाण्याची सर्वांत जास्त गरज एप्रिल-मेमध्ये असते आणि नेमकी तेव्हाच शाळा बंद असते. लावणाऱ्या हातांना सुट्टी लागते, उन्हाला लागत नाही.

म्हणून अशी बाग शाळेची असून भागत नाही. ती वस्तीची असावी लागते. त्यासाठी नवी समिती नको. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जूनमध्ये पहिला खड्डा खणण्याआधी या समितीने मे महिन्याच्या पाण्याच्या पाळ्या कागदावर उतरवाव्यात: कोणत्या आठवड्यात कोणते घर, फाटकाची किल्ली कोणाकडे, पाणी कुठून. त्याबदल्यात त्या घरांना बागेतला वाटा मिळावा. गवती चहाची पात, पानओवा, कढीपत्ता, शेवग्याचा पाला रोजच्या स्वयंपाकघरात लागतो. घरात वापरले जाणारे झाड घरचे लोक मरू देत नाहीत. दुर्मीळ वनस्पतींचे प्रदर्शन मांडण्यापेक्षा दहा उपयोगी झाडे जगवणे हे मोठे यश आहे.

जागेची निवडही पाण्यावरूनच करावी. ब्राह्मी आणि वेखंड यांना ओल लागते. ती पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ लावावीत. कोरफड, शतावरी कमी पाण्यावर तग धरतात; त्यांना दूरचा कोपरा चालतो. दुपारच्या आहारासाठी तांदूळ-डाळ धुतलेले पाणी आणि मुलांच्या बाटल्यांत उरलेले पाणी गोळा केले तरी लहान वाफ्याचे भागते. मात्र हे पाणी उघड्या पिंपात साठवू नये. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यातून नवे डास बाहेर पडतात. पिंप झाकलेले हवे आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून कोरडे करायला हवे. आरोग्यासाठी केलेल्या बागेत तापाची पैदास व्हायला नको.

कुंपणाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून अनेक ठिकाणी मोगली एरंडाचे कुंपण असते. त्याच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी रुग्णालयात पोहोचतात. गुंजेची लाल-काळी बी, पिवळ्या कण्हेरीचे फळ, धोतऱ्याच्या बिया यांचे विष तर जिवावर बेतू शकते. ही झाडे शाळेच्या आवारात ठेवू नयेत. पण त्यांची चित्रे वर्गात जरूर लावावीत. कुंपणाला अडुळसा उत्तम. त्याच्या कडू पानांना शेळ्या-गुरे सहसा तोंड लावत नाहीत आणि पावसाळ्यात फांदीचा तुकडा रोवला तरी तो जगतो.

हाच अडुळसा विज्ञानाचा एक चांगला धडाही आहे. त्याच्या पानांत व्हॅसिसीन नावाचे द्रव्य असते. त्याच्या रचनेवरून संशोधकांनी ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध घडवले आणि त्यातून पुढे अ‍ॅम्ब्रोक्सॉल आले. खोकल्याच्या कितीतरी औषधांच्या वेष्टनांवर ही नावे आजही दिसतात. आजीचा काढा आणि कारखान्यातले औषध यांच्यामधला रस्ता प्रयोगशाळेतून जातो: द्रव्य ओळखणे, मात्रा ठरवणे, परिणाम मोजणे.

दुसरा धडा गुळवेलीचा. करोनाच्या काळात तिचा काढा घरोघरी पोहोचला. 2021 मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. दिसायला जवळच्या दुसऱ्या जातीचा वापर झाला असावा, अशी हरकत आयुष मंत्रालयाने घेतली. त्या वादातून दोन गोष्टी घ्याव्यात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे. आणि झाड नेमके ओळखणे ही औषधाची पहिली पायरी आहे. आपल्याकडे ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने बकोपा मोनिएरी आणि सेंटेला एशियाटिका या दोन वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. शास्त्रीय नाव का लागते, हे मुलांना फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा या दोन वाफ्यांसमोर उभे राहून लवकर कळेल.

म्हणून पाटीवर ‘मधुमेहावर गुणकारी’, ‘कर्करोगावर उपाय’ असे दावे लिहू नयेत. मराठी नाव, शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरतात आणि कोणती काळजी घ्यावी, एवढे पुरे. मुलांनी फुलोऱ्याच्या तारखा, पानांची वाढ, तुळशीवर येणाऱ्या मधमाश्या यांची वही ठेवावी. गावातल्या जाणत्यांकडून झाडांची स्थानिक नावे लिहून घ्यावीत. शाळेने मात्र कोणालाही पान खायला देऊन उपचार करू नयेत. ताप उतरत नसेल तर रस्ता बागेकडे नाही, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जातो, हेही बागेनेच शिकवायला हवे.

बागेचे मूल्यमापन लागवडीच्या दिवशी होऊ नये. शिक्षण विभागाने फोटो मागायचाच असेल, तर तो जुलैचा नव्हे, मे अखेरचा मागावा.